लेन्स घ्यायची की नाही, हे रात्री साडेअकराच्या तुला विचार

प्रश्न : ताई, मी २३ वर्षांची आहे. चौथीत चष्मा लागला, आता दोन्ही डोळ्यांचा नंबर मायनस ६ आहे आणि उजव्याला थोडा सिलिंडर म्हणजे तिरका नंबरपण आहे. मी बॅडमिंटन खेळते, घाम आला की चष्मा नाकावरून खाली येतो, आणि भिंगं एवढी जाड की फोटोत डोळे बारीक दिसतात. खरंच वैताग आलाय. कॉन्टॅक्ट लेन्स घ्यायचं मनात आहे, पण आई म्हणते डोळ्यांशी खेळ नको, लेन्स आत अडकून बसते आणि डोळा जातो. माझी मैत्रीण मात्र दोन वर्षं लेन्स घालूनच झोपते, तिला काहीच झालेलं नाही. माझं काम दिवसभर कॉम्प्युटरवर असतं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे डोळ्यात बोट घालायची मला भयंकर भीती वाटते. घेऊ की नको?
– चष्म्याला वैतागलेली

अगं वैतागलेली,

तुझं पत्र वाचलं आणि मला माझेच ते दिवस आठवले, माझाही नंबर तुझ्याच आसपासचा आणि मी १७ वर्षं लेन्स वापरल्यात, अजूनही वापरते. त्यामुळे उत्तर आधीच सांगून टाकते. घे. पण तू मनात जशी ठरवली आहेस ना, म्हणजे सकाळी घातली की रात्री काढली आणि चष्मा कायमचा कपाटात, तशी नको घेऊस. कशी घ्यायची ते पुढे सांगते, आधी तुला लेन्सने मिळणार काय ते बघू, कारण मायनस ६ वालीला जेवढं मिळतं तेवढं मायनस दीडवालीला नाही मिळत.

फोटोत डोळे बारीक दिसतात म्हणतेस ना, ते नुसतं दिसण्यापुरतं नाहीये. मायनसचं भिंग डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर लांब असतं, त्यामुळे समोरच्याला तुझे डोळे जसे लहान दिसतात तसं तुलाही सगळं जग थोडं लहान दिसत असतं. मायनस ६ ला हा फरक साधारण ७ टक्के पडतो. लेन्स थेट बुबुळावर बसते, मधलं अंतरच गेलं, म्हणून पहिल्यांदा लेन्स घातली की लोक म्हणतात अरे सगळं मोठं आणि जवळ आल्यासारखं वाटतंय. भास नसतो तो. आणि कडेचं दिसणं! चष्म्यात फ्रेमच्या बाहेर सगळं धूसर. तू स्मॅश मारायला वर बघतेस तेव्हा शटल फ्रेमच्या वरच्या काठाआड जातं आणि त्या क्षणी तू हनुवटी अजून वर करतेस की नाही? मी करायचे. लेन्समध्ये तो काठच नसतो, डोळा फिरला की लेन्सपण त्याच्याबरोबर फिरते. वाफ नाही, घामाने घसरणं नाही, पावसाचे थेंब नाहीत.

पण खेळायचं म्हणून लेन्स घेतेयस तर एक गोष्ट कुणी सांगत नाही ती सांगते. चष्मा गेला म्हणजे डोळ्यासमोरचा आडोसापण गेला. शटल लहान असतं, डोळ्याच्या खोबणीत बसेल एवढं, आणि जवळून जोरात येतं, डबल्समध्ये तर पार्टनरची रॅकेटसुद्धा लागू शकते. त्यात मायनस ६ म्हणजे डोळा लांबट झालेला, आतला पडदा म्हणजे रेटिना ताणलेला, तुझ्यासारख्यांना पडदा फाटायचा किंवा सुटायचा धोका मुळात इतरांपेक्षा जास्त. त्यामुळे कोर्टवर लेन्स आणि त्यावर बिननंबरचा पॉलिकार्बोनेटचा स्पोर्ट्स गॉगल, ही जोडी धर. आणि लेन्स घाल नाहीतर चष्मा, वर्षातून एकदा बाहुली मोठी करायचे थेंब घालून पडदा तपासून घ्यायचा तो घ्यायचाच, लेन्सने नंबर दिसत नाही म्हणून डोळा लांबट असायचं काही थांबत नाही.

आता आईचं. आई अर्धी बरोबर आहे. लेन्स डोळ्याच्या मागे जाऊन अडकत नाही, जाऊच शकत नाही, कारण पापणीच्या आतली नाजूक त्वचा आत जाऊन वळते आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावर येते, एक बंद खिसाच असतो तो. फार तर लेन्स दुमडून वरच्या पापणीखाली सरकते, तेव्हा लेन्सवर चालणारे थेंब घालायचे, डोळा मिटून वरून हलकं चोळायचं, खाली बघायचं, येते बाहेर. घाबरून नखाने शोधायला जायचं नाही एवढंच. तुझ्या आईच्या मनात कदाचित जुन्या कडक लेन्स असतील, त्या खरंच खुपायच्या. मऊ लेन्सची गोष्ट मला फार आवडते म्हणून सांगते, ओटो विखतेर्ले नावाच्या चेक रसायनशास्त्रज्ञाने १९६१ च्या नाताळात घरी बसून, मुलांच्या जोडणीच्या खेळण्याचे तुकडे आणि सायकलचा डायनॅमो वापरून एक यंत्र बनवलं आणि त्यावर फिरवून मऊ लेन्स ओतल्या. पाणी धरून ठेवणारं प्लॅस्टिक, डोळ्याला टोचत नाही. पुढे १९९९ च्या सुमारास सिलिकॉन हायड्रोजेलच्या लेन्स आल्या, त्यातून ऑक्सिजन कितीतरी जास्त जातो. हा ऑक्सिजन महत्त्वाचा, कारण बुबुळाचा जो पारदर्शक पुढचा भाग आहे, कॉर्निया, त्यात रक्तवाहिन्याच नसतात (असत्या तर आरपार दिसलंच नसतं), तो मुख्यतः हवेतून अश्रूंवाटे श्वास घेतो. वर्षानुवर्षं त्याची हवा अडवली तर शरीर कडेने त्यात रक्तवाहिन्या वाढवायला लागतं. डॉक्टर मशीनखाली बघतात ना, तेव्हा तेच शोधत असतात.

आणि आई बरोबर कुठे आहे, तर डोळा जाऊ शकतो. अडकून नाही, इन्फेक्शनने. इथे तुझ्या मैत्रिणीचं उत्तर पण आलं. १९८९ मध्ये अमेरिकेत न्यू इंग्लंड भागात एक मोठा अभ्यास झाला होता, मऊ लेन्स फक्त दिवसा घालणाऱ्यांत वर्षाला दर १०,००० माणसांमागे साधारण ४ जणांना बुबुळाला जखम होऊन पिकतं, ज्याला अल्सर म्हणतात, तसं झालं, आणि घालून झोपणाऱ्यांत साधारण २१ जणांना. पाचपट! नंतर जास्त ऑक्सिजनवाल्या लेन्स आल्या, वाटलं होतं हा आकडा खाली येईल, झोपणाऱ्यांचा नाही आला. आता बघ, १०,००० मधल्या ९,९७९ जणी वर्षाअखेर हेच म्हणणार की मी घालूनच झोपते, मला काही झालं नाही. त्या खोटं बोलत नाहीयेत. पण त्यांच्या सांगण्यावरून तुझ्या डोळ्याचं काहीच ठरत नाही.

मी त्या २१ मधली आहे म्हणून एवढं ठासून लिहितेय. दहा वर्षं झाली असतील. प्रवासातून रात्री उशिरा घरी आले, अंग मोडून आलेलं, हात धुवायला उठायचासुद्धा कंटाळा, म्हटलं एक रात्र काय होतंय. शिवाय त्या दिवसांत मी लेन्सच्या डबीतलं जुनं सोल्यूशन, म्हणजे लेन्स धुवायचं-भिजवायचं जंतुनाशक द्रव, फेकायचे नाही, त्यातच थोडं नवीन ओतायचे, बाटली पुरते म्हणून. पहाटे जाग आली तर उजवा डोळा उघडेना. पाण्याच्या धारा, कुसळ गेल्यासारखं सलतंय, आणि दिवा लावला तर उजेड सुईसारखा आत शिरला. लेन्स काढून मी कचऱ्यात टाकली, ही अजून एक चूक, कारण डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो लेन्स आणि डबी आणलीय का, त्यावरचे जंतू तपासता आले असते. आरशात नीट बघितलं तर बुबुळावर टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका. मग दर तासाला थेंब, रात्रीसुद्धा, अलार्म लावून, दोन दिवस आणि दोन रात्री. बरं झालं. पण फूल राहिलं, म्हणजे बुबुळावर पांढरा डाग, बारीकसा, मध्यापासून बाजूला आहे म्हणून नजर वाचली, २ मिलिमीटर आत असतं तर आज हे उत्तर मी एका डोळ्याने टाइप करत असते.

म्हणून तुला म्हणते, दुकानात ट्रायल लेन्स घालून आरशात बघणारी तू वेगळी असतेस, ताजीतवानी, उत्साहात. तिला नको विचारू. रात्री साडेअकराला दमून आलेली, डोळे जड झालेले, फोन हातात घेऊन तशीच गादीवर आडवी झालेली जी तू आहेस, ती उठेल का, साबणाने हात धुवेल का, कोरडे करेल का, लेन्स काढेल का? रोज? तिचं उत्तर काय येतं त्यावर सगळं आहे, कारण लेन्सचे जे काही धोके आहेत त्यातले बरेचसे त्या पाच मिनिटांत ठरतात.

दुसरी गोष्ट पाणी. हे लोकांना खरंच माहीत नसतं आणि मला त्याची फार काळजी वाटते. लेन्सला पाणी लावायचं नाही. नळाचं नाही, बाटलीतलं नाही, उकळून गार केलेलंपण नाही. पिण्यासाठी पाणी चांगलं असलं तरी त्यात अकँथामिबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो, पोटात गेला तर काही करत नाही, पण लेन्सखाली अडकला आणि कॉर्नियात शिरला तर त्याला हुसकावायला महिनोन् महिने औषधं लागतात, प्रचंड दुखतं, आणि काहींना शेवटी बुबुळ बदलायचं ऑपरेशन करावं लागतं. म्हणजे आंघोळ लेन्स काढून, पोहणं लेन्स काढून, हात धुतले तर ते कोरडे करूनच लेन्सला हात. थुंकी लावून लेन्स घालणारी माणसंपण मी बघितलीत, त्याबद्दल काय बोलायचं.

कॉम्प्युटरचं म्हणशील तर दिवसभर लेन्स घालून स्क्रीनसमोर बसायचं हे मला तुझ्यासाठी पटत नाही. आपण स्क्रीन बघताना पापण्या फार कमी वेळा मिटतो, मिटल्या तरी अर्ध्याच, आणि मऊ लेन्सला ओलावा लागतो, एसी असेल तर अजून वाईट, दुपारनंतर डोळे चुरचुरायला लागतात, धूसर होतं, मग माणूस डोळे चोळतो. बरं कामाला चष्मा काय वाईट आहे गं? तिथे कोण स्मॅश मारायचाय. कामाला चष्मा, आणि खेळायला, समारंभाला, फिरायला लेन्स, आठवड्यातून तीन-चारदा, तेही काही तासच. या अशा वापराला डेली डिस्पोजेबल सगळ्यात बरी, सकाळी नवीन फोडायची, काढली की फेकायची, डबी नाही, सोल्यूशन नाही, जुन्यात नवीन ओतायचा मोहच नाही. रोजच्या रोज घालणारीला ती महाग पडते हे खरं, पण तुझ्यासारख्या अधूनमधून घालणारीला मंथली घेऊन काय होतं माहितीये, पाकीट उघडलं की महिना चालू होतो, दहाच वेळा घातली तरी महिना संपला की संपली, आणि मग आपण म्हणतो अजून चांगलीच आहे की, अजून आठ दिवस चालवू. फक्त डेली म्हणजे एकदाच, न फेकता सोल्यूशनमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी घालायची असलं चालत नाही.

तरी मंथलीच घेतलीस तर, काढल्यावर तळहातावर ठेवून सोल्यूशनचे थेंब टाकून बोटाने हलकं चोळायचं, बाटलीवर चोळायची गरज नाही लिहिलं असलं तरी चोळायचं, मग ताजं सोल्यूशन भरायचं. सकाळी डबी रिकामी करून सोल्यूशननेच विसळून उपडी ठेवून वाळवायची, आणि तीन महिन्यांनी डबी फेकून नवीन. सलाइन म्हणजे सोल्यूशन नव्हे, सलाइनने जंतू मरत नाहीत. आणि हायड्रोजन पेरॉक्साइडवालं घेतलंस तर ते त्याच्या खास डबीत किमान सहा तास ठेवल्याशिवाय डोळ्याजवळ आणायचं नाही, एकदा चुकून घातलेल्याला विचार, डोळ्यात निखारा ठेवल्यासारखं होतं.

नंबरबद्दल एक महत्त्वाचं. चष्म्याचा कागद दाखवून मायनस ६ च्या लेन्स ऑनलाइन मागवू नकोस. ते मधलं १२ मिलिमीटरचं अंतर गेल्यामुळे तुझा लेन्सचा नंबर साधारण मायनस साडेपाच येईल, साधारण ४ च्या वरच्या नंबरांना हा फरक करावाच लागतो. शिवाय लेन्सचा बाक आणि व्यास तुझ्या बुबुळाला जुळायला हवा, घट्ट बसली तर हवा अडते, सैल बसली तर प्रत्येक पापणीबरोबर घसरते. आणि तो उजव्याचा सिलिंडर, तो पाऊण किंवा जास्त असेल तर साध्या लेन्समध्ये अक्षरांना सावली दिसत राहील, टॉरिक लेन्स लागेल, ती डोळ्यात गोल न फिरता एका जागी राहते ना हे घालून वीसेक मिनिटांनी तपासतात. हे सगळं कागदावरून कळत नाही, समोर बसूनच बघावं लागतं. फॅशनच्या रंगीत लेन्स, नंबर नसला तरी, हाच नियम, आणि मैत्रिणीची लेन्स एकदा ट्राय करू का, असं मनातसुद्धा आणू नकोस.

आता तुझी भीती. अगं सगळ्यांनाच असते, डोळा मिटणं हे शरीराचं काम आहे, ते तुझा भित्रेपणा नाही. मला पहिली लेन्स घालायला पाऊण तास लागला होता, रडून रडून डोळे लाल. युक्ती अशी आहे की पापणी वरून धरायची आणि अगदी मुळाशी, पापणीच्या केसांजवळ धरायची, म्हणजे मिटताच येत नाही. उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर लेन्स, बोट कोरडं, नाहीतर लेन्स बोटालाच चिकटून बसते. डाव्या हाताने वरची पापणी वर, उजव्याच मधल्या बोटाने खालची खाली, आणि बोटाकडे बघायचंच नाही, वर बघायचं आणि लेन्स खालच्या पांढऱ्यावर टेकवायची, मग हळू खाली बघितलं की ती आपोआप मध्यावर येऊन बसते. पांढरा भाग बुबुळाएवढा हुळहुळा नसतो म्हणून भीती निम्मी होते. घालायच्या आधी बोटावर धरून आडवं बघ, वाटीसारखे काठ सरळ वर असतील तर सुलटी, बशीसारखे बाहेर पसरले असतील तर उलटी झालीय. काढताना परत वर बघायचं, लेन्स बोटाने खाली पांढऱ्यावर ओढायची आणि दोन बोटांच्या मऊ भागाने चिमटीत पकडायची. नेहमी उजव्या डोळ्यापासून सुरुवात कर, म्हणजे डाव्या-उजव्याची अदलाबदल होणार नाही. मेकअप लेन्स घातल्यावर, आणि मेकअप पुसायच्या आधी लेन्स बाहेर.

घातल्यावर दिवसभरात कधीही डोळा लाल झाला, दुखला, उजेड सहन होईना किंवा धूसर झालं तर लेन्स लगेच काढायची. काढल्यावर बरं वाटलं म्हणून तीच परत घालायची नाही. चष्मा लावायचा आणि तासाभरात थांबलं नाही तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, लेन्स आणि डबी पिशवीत घालून. घरात पडलेले कुणाचे तरी थेंब घालून बघू नकोस, त्यात स्टिरॉइड असेल तर इन्फेक्शन आणखी पसरतं.

डोळे मुळातच कोरडे असतील, सारखी अ‍ॅलर्जी होऊन खाजत असतील किंवा पापण्यांच्या काठाला कोंडा धरत असेल तर आधी ते बरं करून घे, तसल्या डोळ्यात कुठलीही लेन्स सुखाने राहणार नाही. तुझ्या पत्रात तसं काही नाहीये म्हणून मी हो म्हणतेय.

तर आधी डोळे पूर्ण तपासून घे, पडद्यासकट. त्याच नंबरचा एक चांगला चष्मा कर, पातळ भिंगांचा, कारण लेन्सवालीकडे तिला आवडणारा चष्मा हवाच, नाहीतर डोळा लाल असतानासुद्धा लेन्सच घातली जाते. (मी तेच करायचे, जुना ओरखडे पडलेला चष्मा लाज वाटून घालायचे नाही.) मग डेली टॉरिकची ट्रायल माग, थोड्या दिवसांसाठी देतात, त्यात एकदा खेळून बघ, एकदा उशिरापर्यंत बाहेर राहून बघ आणि त्या रात्री घरी आल्यावर काय करतेस ते लिहून ठेव. ट्रायलला जाताना आईला घेऊन जा, तिच्यासमोर घालून काढून दाखव, डॉक्टरांना तिचे सगळे प्रश्न विचारू दे. आणि आदल्या रात्री नखं काप.